जिम्नीला घरी लिफ्ट बसवताना: स्प्रिंगच्या पलीकडचं काम

लिफ्ट म्हणजे लांब स्प्रिंग लावून गाडी उंच करणं. पण लिफ्ट लावल्याने डिफरन्शिअल, म्हणजे एक्सलवरचा गिअरचा गोळा, जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. ही गोष्ट खर्च करण्याआधी नीट डोक्यात बसायला हवी. मारुती सुझुकीच्या जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा. एक्सल टायरवर उभा असतो आणि स्प्रिंग एक्सलच्या वर असतो, त्यामुळे स्प्रिंग लांब केला की उचलली जाते ती चासी. तिच्याबरोबर बंपर, ट्रान्सफर केस (फोर-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स), इंधनाची टाकी आणि दरवाजाखालची कड वर जाते. डिफरन्शिअलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा असेल तर मोठा टायर हवा, आणि मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा हवी म्हणून लिफ्ट हवी.

टायरचं गणित साधं आहे. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ टायर येतो, त्याचा व्यास ६९३ मिमी. बरेच जण २१५/७५ आर १५ घालतात, तो भरतो ७०३.५ मिमी. म्हणजे डिफरन्शिअलखाली वाढतात जेमतेम ५ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३.५ मिमी होतो आणि २० मिमी मिळतात. मात्र स्पीडोमीटर मागे पडतो: जिथे आधी बरोबर ८० दाखवत होता तिथे गाडी खरी जवळपास ८५ ने धावत असते. गिअरिंगही तेवढंच उंच होतं, आणि पाबे घाटाच्या चढावर ते लगेच जाणवतं.

लिफ्टने खरा फायदा होतो तो कोनांचा. चढाच्या पायथ्याशी बंपर टेकत नाही आणि उंचवट्यावर पोट घासत नाही. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २,५९० मिमी आहे, त्यामुळे तिचं पोट टेकण्याची शक्यता तीन दारांच्या जिम्नीपेक्षा जास्त, आणि म्हणूनच इथे लिफ्टला अर्थ आहे. मुळशीच्या मागच्या वाटा असोत की वेल्ह्याकडचे मुरमाचे चढ, ४० मिमी पुरतात असं माझं स्पष्ट मत आहे. घरी काम करणाऱ्याने ५० मिमीच्या वर जाऊच नये. त्यापुढे प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलला शक्ती पोचवणाऱ्या दांड्याचे) कोन, स्टिअरिंगच्या दांड्या आणि ब्रेकच्या नळ्या असे प्रश्न एकदम अंगावर येतात आणि पार्किंगमध्ये ते सुटत नाहीत.

हा लेख जिम्नीपुरता आहे, कारण कॉइल स्प्रिंग आणि सॉलिड एक्सल ही जोडी घरी करायला सर्वांत सुरक्षित. एक्सल खाली सोडला की स्प्रिंग मोकळा होतो, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागत नाही. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेला असतो. तो काढताना कॉम्प्रेसर निसटला तर माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. ती जोडणी गॅरेजच्या प्रेसवरच करून घ्या. जिप्सीला चारही बाजूंना कमान पाटे. तिथे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी, लांब करून उंची मिळवतात, पण शॅकल जेवढी लांब त्याच्या निम्मीच उंची मिळते, हे हिशेबात धरा.

कायदा आधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. गाडीचा मूळ नमुना तपासून मंजूर झालेला असतो, आणि आपल्या पुण्यातली एआरएआय ही अशा चाचण्या करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक आहे. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने उंच स्प्रिंग पाहिले आणि कंपनीला त्याची कल्पनाच नसली, तर दाव्याचं काय होईल हे सांगायला नको. काही जण खासगी ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवतात आणि ती ट्रेलरवरून नेतात. ज्याला शक्य आहे त्याच्यासाठी तोच रस्ता स्वच्छ.

सामान

एका ४० ते ५० मिमीच्या लिफ्टला काय लागतं ते सांगतो. दोन पुढचे आणि दोन मागचे स्प्रिंग. चार लांब शॉकअप. पुढे-मागे एकेक लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड (एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा), ज्याला सुझुकीच्या पुस्तकात लॅटरल रॉड म्हणतात. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, दुरुस्त करण्यासाठी ऑफसेट बुश (भोक मध्यावर नसलेले) किंवा खाली उतरवणारे ब्रॅकेट. ब्रेक होजची जागा बदलणाऱ्या पट्ट्या. बंप स्टॉपखाली (एक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेल्या थांब्याखाली) घालायचे ठोकळे. आणि प्रत्येक सेल्फ-लॉकिंग नट नवा. दुकानात ‘किट’ म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा फक्त पहिल्या दोन गोष्टी असतात, आणि उरलेल्यांशिवाय गाडी उंच होते पण रस्त्यावर भटकते.

स्प्रिंग निवडताना उंचीइतकंच वजनाकडे पाहा. मागच्या दोन स्प्रिंगचा मिळून रेट ४० न्यूटन प्रति मिमी असेल आणि डिकीत कायमचं ४० किलो सामान असेल, तर मागची बाजू त्या सामानानेच १० मिमी खाली बसते. उलट, लोखंडी बंपर आणि विंच यांच्या हिशेबाने बनवलेला कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातला, तर उंची ठरल्यापेक्षा जास्त येते आणि कर्वे रोडवरच्या खड्ड्यांत पाठ बोलायला लागते. गाडीत कायम काय राहणार आहे ते वजन करून मगच ऑर्डर द्या.

स्पेसरबद्दल लोक हमखास विचारतात. भोसरीत लेथवर ॲल्युमिनियमचे ३० मिमीचे स्पेसर सहज करून मिळतात आणि उंचीही मिळते. पण शॉकअप मूळचाच राहिला तर गाडी उभी असतानाच त्याचा ३० मिमी स्ट्रोक खर्च झालेला असतो. स्पीडब्रेकरवरून चाक खाली सुटलं की शॉकअप पूर्ण उघडून थांबतो आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे शॉकअपच्या आतल्या थांब्यावर पडलेला घाव. रोज असे शंभर घाव बसले की सील गळायला लागतं. स्पेसर घालायचाच तर शॉकअपही लांब हवा.

नाना पेठेत कॉइलच्या दोन वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर मिळतात. ते घेऊ नका. बफर त्या वेटोळ्याची हालचालच बंद करतो, मग तेवढाच ताण बाकीच्या तारेवर जातो आणि स्प्रिंग बफरच्या कडेला तुटतो.

जागा आणि हत्यारं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन अडचणी येतात. पहिली, पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिलेला असतो. दुसरी, पेव्हर ब्लॉक जॅक स्टँडच्या पायाखाली दबतात, स्टँड कलतो आणि मग गाडी सरकते. प्रत्येक स्टँडखाली १८ मिमी प्लायवूडचा ३०० बाय ३०० मिमीचा तुकडा घाला. विटा किंवा सिपोरेक्सचे ठोकळे गाडीखाली कधीही लावू नका. ते आधी चिरत नाहीत, एकदम फुटतात. जिम्नीचं वजन साधारण १,२०० किलो आहे. काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे स्टँड निसटला तरी गाडी माणसावर न येता चाकावर येते.

हत्यारांत दोन टनांचा ट्रॉली जॅक, शक्य असेल तर दोन. तीन टनांचे चार स्टँड. १० पासून २४ पर्यंतचा गोटी पाना सेट आणि तेच रिंग पाने. टॉर्क रेंच. एक लांब टॉमी. एक ओळंबा, गवंडी वापरतात तोच, बोहरी आळीत मिळतो. हा ओळंबा पुढे फार उपयोगी पडतो.

काम जून उजाडण्याआधी करा. पावसात पार्किंगमध्ये पाणी आलं की गाडी स्टँडवर अडकते आणि घाईघाईत नट आवळले जातात. आदल्या रात्री शॉकअपचे खालचे बोल्ट, पॅनहार्डचे बोल्ट आणि ब्रेक होजचे ब्रॅकेट यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कोकणच्या किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला चिकटलेले असतात. नट सुटला तरी बोल्ट फिरत नाही. तो ठोकून आटे खराब करण्यापेक्षा पुन्हा पुन्हा स्प्रे मारून थोडा थोडा पुढे-मागे फिरवा.

गाडी उचलण्याआधी तीन नोंदी घ्या (हेडलाइटची चौथी, ती पुढे सांगितली आहे). चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर. ओळंब्याने मडगार्डची कड आणि टायरची बाजू यांतलं आडवं अंतर, दोन्हीकडचं. आणि अलाइनमेंटचा छापील कागद, ज्यात कॅस्टर असायलाच हवा. दुकानदार म्हणेल, ‘या गाडीत कॅस्टर ॲडजस्ट होत नाही, कशाला पाहिजे?’ तरी आग्रह धरा. नंतर किती अंश गेले हे या आकड्याशिवाय कळणार नाही.

मागची बाजू

सुरुवात मागून करा, तिथे स्टिअरिंगच्या दांड्या नसतात. हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, त्यामुळे मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. डिफरन्शिअलखाली जॅक लावून गाडी उचला, स्टँड चासीखाली लावा, चाकं काढा, आणि जॅक पुन्हा एक्सलला नुसता टेकवून ठेवा.

आता एक्सलला चासीशी बांधणारं जे जे काही लवचीक आहे ते मोकळं करा: ब्रेक होजचं ब्रॅकेट, एबीएसच्या वायरच्या क्लिपा, डिफरन्शिअलच्या ब्रीदरची नळी, हँडब्रेकच्या केबलचा आधार. त्यानंतर शॉकअपचे खालचे बोल्ट आणि पॅनहार्डचं एक्सलकडचं टोक. जॅक हळूहळू खाली घ्या आणि नजर सतत होजवर ठेवा. एक्सल होजवर लोंबकळला तर बाहेरून काही दिसत नाही, पण आतला थर फाटतो. मग ब्रेक दाबल्यावर तेल जातं पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं.

स्प्रिंग हाताने निघतो. अडलाच तर त्याच बाजूचा एक्सल टॉमीने दाबा. वरची रबरी बैठक काढून नव्यावर चढवा. ती चिरलेली असेल तर बदला, नाहीतर करकर आवाज येत राहील. नवा स्प्रिंग बसवताना तारेचं टोक बैठकीतल्या थांब्याला टेकलेलं हवं. तिथे १० मिमी फट राहिली तर गाडी खाली ठेवल्यावर स्प्रिंग फिरून जागेवर जातो आणि तेवढ्याने डावी-उजवी उंची बदलते. काही किटमध्ये डावा-उजवा स्प्रिंग वेगळा असतो, ड्रायव्हरच्या बाजूचा किंचित उंच. किट युरोपातल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी बनवलेलं असेल तर आपल्याकडे ते उलटं लावावं लागतं. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचण्यापेक्षा दोन्ही स्प्रिंग सपाट फरशीवर शेजारी उभे करून मोजा.

पुढची बाजू आणि स्प्रिंगशिवायची चाचणी

पुढे क्रम तोच, फक्त मोकळं करायचं जास्त असतं. स्टॅबिलायझर बारच्या दोन्ही लिंका, दोन ब्रेक होज, एबीएसच्या वायरी, आणि हब लॉक करणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या. व्हॅक्यूमची नळी ताणून निसटली तर हब लॉक होत नाही, आणि हे घरी कळत नाही. कळतं ते चिखलात, फोर-व्हील ड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागतो तेव्हा.

जुने स्प्रिंग काढल्यावर नवे लगेच बसवायला घेऊ नका. सगळ्या कामातली सर्वांत मोलाची अर्धा तासाची पायरी इथे आहे. नवे शॉकअप लावा, स्प्रिंग लावू नका, चाकं चढवा, आणि एक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्या. या स्थितीत शॉकअपचा दांडा किमान १० ते १५ मिमी बाहेर दिसला पाहिजे. तो पूर्ण आत गेला असेल, तर मोठ्या धक्क्यात गाडीचा भार बंप स्टॉपवर न येता शॉकअपच्या तळावर येईल. शॉकअप फुटेल किंवा त्याचा माउंट चासीपासून उखडेल. उपाय म्हणजे बंप स्टॉपखाली तेवढ्याच जाडीचा ठोकळा. साधा नायलॉन पाणी शोषून फुगतो, म्हणून ॲल्युमिनियम बरं.

त्याच स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर आतल्या प्लास्टिकला, बंपरच्या कोपऱ्याला किंवा मागच्या आर्मला घासतो का ते पाहा. एक चाक वर आणि दुसरं खाली, असंही करून बघा. बरेचसे टायर सरळ वर जाताना घासत नाहीत, तिरक्या स्थितीतच घासतात. मग एक्सल पूर्ण खाली सोडून प्रत्येक होज बोटाने दाबून बघा. होजमध्ये स्पष्ट सैलपणा हवा, चाक पूर्ण वळवलेलं असतानाही. नसेल तर होजचं चासीकडचं ब्रॅकेट पट्टीने खाली आणा. ४० मिमीला बहुतेक वेळा तेवढंच पुरतं आणि ब्रेकची लाइन उघडावी लागत नाही. लोखंडी नळी वाकवायची झाली तर मोठ्या गोलाईत, अंगठ्याने, पक्कड न लावता. लाइन उघडावीच लागली तर रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच तेल वापरा, नवी बाटली फोडून, आणि हवा नीट काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

पूर्ण खाली सोडलेल्या स्थितीत आणखी एक पाहायचं. नवा स्प्रिंग त्याच्या बैठकीत धरून राहतो का? शॉकअप फार लांब घेतला असेल तर स्प्रिंग सैल होतो आणि चाक हवेत असताना बैठकीतून निसटतो. अशा वेळी कमी लांबीचा शॉकअप घ्या किंवा स्प्रिंग खालच्या बाजूला पट्टीने धरून ठेवा.

पॅनहार्ड आणि ओळंबा

पॅनहार्ड रॉड एका टोकाला चासीवर आणि दुसऱ्या टोकाला एक्सलवर असतो, थोडा तिरका. गाडी उचलली की तो आणखी तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी भरते, आणि एक्सल चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. समजा रॉड ९०० मिमीचा आहे, दोन टोकांच्या उंचीत आधी ६० मिमी फरक होता आणि लिफ्ट ५० मिमीची आहे. तर एक्सल जवळपास ५ मिमी सरकतो. एका बाजूचा टायर ५ मिमी बाहेर आणि दुसरीकडचा ५ मिमी आत, म्हणजे पाहणाऱ्याला फरक १० मिमीचा दिसतो. पुढचा आणि मागचा एक्सल विरुद्ध बाजूंना सरकले तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मग दोन्ही मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा. दोन बाजूंच्या अंतरांत जेवढा फरक, त्याच्या निम्म्याने रॉडची लांबी बदला. चेक नट आवळा आणि पुन्हा ओळंबा सोडा. आधी घेतलेल्या नोंदीत मूळचाच दोन-तीन मिमी फरक असेल तर तो सोडून द्या, मडगार्डच तसे बसलेले असतात.

कॅस्टर

जिम्नीच्या पुढच्या एक्सलला दोन आर्म मागून पुढे येऊन धरतात. एक्सल खाली गेला की आर्म पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही पुढे वळतो. स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असतो, तो सरळ व्हायला लागतो. यालाच कॅस्टर कमी होणं म्हणतात. किती कमी झाला हे घरी काढता येतं: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७.३. लांबी चासीकडच्या बुशपासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. ती ७०० मिमी भरली, तर ४० मिमी लिफ्टला सव्वातीन अंश आणि ५० मिमीला चार अंश जातात. हे थोडं नाही.

कॅस्टर गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि ८० च्या पुढे गाडी सतत दोन्हीकडे भटकते. चाकांचं बॅलन्सिंग, किंगपिनचे बेअरिंग किंवा पॅनहार्डचे बुश यांत थोडाही सैलपणा असेल, तर एका खड्ड्यानंतर अख्खा पुढचा एक्सल थरथरायला लागतो आणि गाडी जवळपास थांबवेपर्यंत थांबत नाही. बरेच जण त्यावर स्टिअरिंग डँपर लावतात. डँपर ती थरथर झाकतो, कारण तसंच राहतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग. आर्म जिथे चासीला जुळतो तिथे ब्रॅकेट लावून ते टोक खाली आणायचं. हे पाना घेऊन घरी होतं, पण ब्रॅकेट चासीखाली लोंबतो आणि बसाल्टच्या दगडावर सर्वांत आधी तोच आपटतो. दुसरा मार्ग, आर्ममध्ये एक्सलकडचे ऑफसेट बुश घालायचे. जमिनीपासूनचं अंतर कमी होत नाही, म्हणून मला हाच पसंत. पण त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो. आर्म काढून भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा, आणि बुशवरची खूण कोणत्या दिशेला हवी ते आर्मवर मार्करने आधीच लिहून द्या. खूण उलटी बसली तर कॅस्टर वाढण्याऐवजी दुप्पट कमी होतो, आणि बुश एकदा काढला की तो पुन्हा वापरता येत नाही.

इथे एक तडजोड आहे. कॅस्टर परत आणायला एक्सल मागे वळवला की डिफरन्शिअलचं पिनियन खाली वळतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा कोन वाढतो. म्हणून गेलेला कॅस्टर शंभर टक्के परत आणायच्या मागे लागू नका. बहुतांश परत मिळाला आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की थांबा. सैल जमिनीवर फोर-व्हील ड्राइव्ह घातल्यावर नवी थरथर जाणवली तर कोन जास्त झालाय असं समजा.

नट कधी आवळायचे

रबरी बुश असलेला एकही बोल्ट गाडी स्टँडवर असताना पूर्ण आवळायचा नाही. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळवटतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबराला तीच स्थिती सरळ वाटते. गाडी खाली ठेवल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, उंची खोटी दिसते, चाल कडक होते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. सगळे बोल्ट हाताने बसवा, चाकं लावा, गाडी खाली घ्या, हलवून बसू द्या आणि मग गाडीखाली शिरून टॉर्क रेंच चालवा. आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या. ग्रीस बोल्टच्या गुळगुळीत भागाला लावा, आट्यांना नको, कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. चाकांचे नट १०० न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने.

गाडी जिन्याजवळून गेटपर्यंत नेली की स्टिअरिंग तिरकं दिसेल. ते काढून सरळ बसवायचा मोह टाळा. पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची लांबी बदलून ते सरळ करा. ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) स्टिअरिंगच्या कोनावरून गाडीचा अंदाज घेतो. तिरकं स्टिअरिंग पाहून गाडी वळतेय असं त्याला वाटतं आणि सरळ रस्त्यावर तो मध्येच एखादा ब्रेक लावू शकतो. दिवा लागलाच तर स्कॅनर लावून सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा नोंदवून घ्या.

हेडलाइटची दिशा त्याच दिवशी जुळवा. काम सुरू करण्याआधी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून लाइटचा मध्य आणि प्रकाशाची वरची कड यांतला फरक मोजून ठेवलेला असावा. आता नव्या उंचीवर तोच फरक राखायचा. पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त १० मिमी जास्त उचलली गेली तरी ५० मीटरवर प्रकाश १९ सेंमी वर जातो, शिवाय लाइट स्वतः उंच झालेला असतो तो वेगळा. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत तो थेट जातो, आणि पुण्यात समोर दुचाकी नाही असा रस्ता नाही.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, ३० ते ४० च्या वेगात. ब्रेक मारताना गाडी ओढते का, वळणानंतर स्टिअरिंग परत येतं का, कुठे ठकठक आहे का, एवढंच पाहा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नव्या लिफ्टची गाडी लगेच नेऊ नका. गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, जिम्नी मुळात अरुंद, आणि जोरात लेन बदलताना ती आधीपेक्षा जास्त झुकते. ते अंगवळणी पडायला वेळ द्या.

१०० किमीनंतर प्रत्येक बोल्टवर पुन्हा टॉर्क रेंच फिरवा, ५०० किमीनंतर पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी आवळलेल्या नटावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. त्याच वेळी टॉर्च घेऊन चकाकणारे ठिपके शोधा. होजवर, एबीएसच्या वायरीवर किंवा टायरच्या आतल्या बाजूला घासल्याची चमक दिसली तर तिथे क्लिप बदला. नवे स्प्रिंग पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये ५ ते १० मिमी बसतात. ते बसल्यावरच अंतिम अलाइनमेंट करा, आणि आधीच्या कागदाशेजारी नवा ठेवून कॅस्टर व टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळली आहेत ते) हे दोन्ही आकडे ताडून पाहा.

काढलेले स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात देऊ नका. पुढचे-मागचे, डावे-उजवे असं पेंटने लिहा, तेलाचा हात फिरवा आणि माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने मूळ स्थितीत आणायला सांगितलं तर तोच संच लागेल. कॅस्टरचे ऑफसेट बुश घातले असतील तर त्यांच्यासोबत मूळ बुशची एक नवी जोडीही घेऊन ठेवा.